त्या वर्तुळातल्या तीन रेषा नेमकं काय मागत होत्या?

एक वर्तुळ काढा. त्यात वरून खालपर्यंत एक उभी रेषा ओढा. मग वर्तुळाच्या मध्यापासून डावीकडे आणि उजवीकडे खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या रेषा. एवढं केलं की शांततेचं चिन्ह तयार. शाळकरी पोरंही ते एका दमात काढतात. हणजूणच्या बाजारातले टी-शर्ट, लिंकिंग रोडवरची कानातली, कॉलेजच्या बाकांवर कर्कटकाने कोरलेली नक्षी, मोबाइलमधल्या इमोजी, सगळीकडे ते दिसतं.

ते आलं कुठून असं विचारलं, तर बहुतेक जण ‘हिप्पींचं आहे ते’ म्हणून मोकळे होतात. हिप्पींच्या हाती ते बऱ्याच उशिरा आलं. चिन्ह जन्मलं इंग्लंडमध्ये, फेब्रुवारी १९५८ मध्ये, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘सगळीकडे शांतता नांदो’ असा नव्हता. त्यात एक रोखठोक मागणी होती: अण्वस्त्रं नष्ट करा. ही मागणी आज चिन्हातून जवळजवळ पुसली गेली आहे, आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगावीशी वाटली.

राख पडली त्या दिवसांत

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट मोठा निघाला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या तुलनेत तो सुमारे हजार पट होता. ‘लकी ड्रॅगन’ नावाची एक जपानी मासेमारी नौका त्या वेळी बरीच दूर होती. तिच्यावर पांढरी राख पडू लागली. स्फोटात जळालेल्या प्रवाळाची ती किरणोत्सारी भुकटी होती. नौकेवरचे तेवीसही जण आजारी पडले. त्यांच्यातले रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. कुठे युद्ध चालू नव्हतं, कुणी कुणावर हल्ला केला नव्हता, तरी नुसत्या चाचणीने माणूस मेला. बॉम्ब वापरला नाही तरी मारतो, हे त्या राखेने जगाला दाखवलं.

महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की करार होईल तेव्हा होवो, तोवर निदान या चाचण्या तरी थांबवा. पुढच्या वर्षी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि आइनस्टाइन यांच्या सहीचं अण्वस्त्रांविरुद्धचं आवाहन प्रसिद्ध झालं. सही केल्यानंतर काही दिवसांतच आइनस्टाइन वारले होते.

ब्रिटन मात्र याच काळात आपला हायड्रोजन बॉम्ब बनवण्याच्या मागे होता. १९५२ मध्ये त्याने साध्या अणुबॉम्बची चाचणी केली होती, १९५७ मध्ये प्रशांत महासागरात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्या. बॉम्बचं संशोधन आणि जुळणी होत होती बर्कशायर परगण्यातल्या आल्डरमास्टन या खेड्याजवळच्या सरकारी केंद्रात. लंडनपासून ते सुमारे ८३ किलोमीटर. हे नाव लक्षात ठेवा.

‘ऑपरेशन गांधी’

इथे आपल्याशी थेट नातं असलेला एक धागा येतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. लंडनमध्ये ‘पीस न्यूज’ नावाचं युद्धविरोधी साप्ताहिक निघत असे. त्याच्या वर्तुळातल्या काही माणसांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक छोटा गट काढला. त्यात ह्यू ब्रॉक होते, जे पुढे या साप्ताहिकाचे संपादक झाले. गटाचं नाव त्यांनी ठेवलं ‘ऑपरेशन गांधी’. अण्वस्त्रांविरुद्ध पत्रकं वाटून आणि सभा घेऊन भागणार नाही, भारतात झाला तसा सत्याग्रह करायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी १९५२ मध्ये ही माणसं लंडनच्या युद्धखात्याच्या कचेरीसमोर रस्त्यावर शांतपणे बसली आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्यांनी आल्डरमास्टनलाही जाऊन निदर्शनं केली. मूठभर लोक होते, वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. पण आल्डरमास्टनला चालत जाण्याच्या कल्पनेचं बी तिथलं आहे.

१९५७ मध्ये अशाच विचारांच्या मंडळींनी ‘डायरेक्ट ॲक्शन कमिटी’ स्थापन केली. म्हणजे अणुयुद्धाविरुद्ध प्रत्यक्ष कृती करणारी समिती. तिने ठरवलं की १९५८च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून आल्डरमास्टनपर्यंत चार दिवसांची पदयात्रा काढायची. जवळपास याच सुमारास, १७ फेब्रुवारी १९५८ रोजी, आणखी एक मोठी संघटना उभी राहिली: ‘कॅम्पेन फॉर न्यूक्लिअर डिसआर्ममेंट’, थोडक्यात सीएनडी. तिचे अध्यक्ष होते बर्ट्रांड रसेल. या दोन संघटनांची लोक अनेकदा गल्लत करतात. चिन्ह बनलं ते छोट्या समितीच्या पदयात्रेसाठी. सीएनडीने ते नंतर आपलंसं केलं आणि जगभर पोचवलं.

जेराल्ड होल्टम

पदयात्रेला चिन्ह हवं, हा विचार घेऊन जेराल्ड होल्टम नावाचा चित्रकार स्वतःहून पुढे आला. जन्म १९१४चा, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने सदसद्विवेकाचं कारण देऊन सैन्यात जायला नकार दिला होता आणि ती वर्षं नॉरफोकमधल्या एका शेतावर राबून काढली होती. भाषणं ऐकून लोक विसरतात, पण डोळ्यांत भरलेली आकृती टिकते, हे तो व्यवसायाने जाणत होता.

पहिली कल्पना होती वर्तुळातल्या ख्रिस्ती क्रुसाची. ईस्टरचे दिवस असल्याने ती सुचणं साहजिक होतं. त्याने काही धर्मगुरूंना विचारलं, तर निषेधाच्या मोर्चात क्रूस मिरवणं त्यांना पसंत पडलं नाही. मला वाटतं, हा नकार चिन्हाच्या पथ्यावर पडला. क्रूस असता तर टोकियोत, मुंबईत किंवा कैरोत ते चिन्ह परकंच राहिलं असतं.

मग होल्टम वळला सेमाफोरकडे. सेमाफोर ही नौदलाची जुनी खुणांची पद्धत. दोन हातांत दोन निशाणं धरायची आणि हात ठरावीक कोनांत उभे-आडवे-तिरके करायचे. हाताच्या जागा एकूण आठ, प्रत्येक पंचेचाळीस अंशांच्या अंतरावर. दोन हातांच्या जोडीने एकेक इंग्रजी अक्षर तयार होतं. दूरच्या जहाजावरचा माणूस दुर्बिणीतून ते वाचतो. त्या काळी ब्रिटनमधल्या कित्येकांना ही पद्धत ठाऊक होती, कारण स्काउटमध्ये ती शिकवत आणि अनेक जण युद्धात नौदलात राहून आले होते.

सेमाफोरमध्ये ‘एन’ हे अक्षर दाखवायचं तर दोन्ही हात दोन बाजूंना तिरके खाली धरायचे. ‘डी’ दाखवायचं तर एक हात सरळ वर आणि दुसरा सरळ खाली. आता ही दोन अक्षरं एकमेकांवर ठेवा: उभी रेषा ‘डी’ची, दोन तिरक्या रेषा ‘एन’च्या. एन म्हणजे न्यूक्लिअर, डी म्हणजे डिसआर्ममेंट. आण्विक निःशस्त्रीकरण. भोवती वर्तुळ, ते पृथ्वीचं.

पुष्कळ जण हे चिन्ह काढताना मध्यापासून खाली जाणारी उभी रेषा विसरतात. तसं झालं की ते एका नामांकित जर्मन मोटारगाडीचं चिन्ह होऊन बसतं. पण चूक नुसती दिसण्याची नाही. ती खालची रेषा म्हणजे ‘डी’चा अर्धा भाग. ती गेली की निःशस्त्रीकरणच चिन्हातून जातं.

२१ फेब्रुवारी १९५८ रोजी ‘पीस न्यूज’च्या कचेरीत होल्टमने समितीच्या काही लोकांसमोर आपली रेखाटनं मांडली आणि ती पसंत झाली.

सेमाफोरची हकीकत आता बरीच माहीत झाली आहे. दुसरी हकीकत कमी सांगितली जाते, आणि मला तीच जास्त जवळची वाटते. पुढे ह्यू ब्रॉक यांना लिहिलेल्या पत्रात होल्टमने सांगितलं की त्या दिवसांत तो खोल निराशेत होता. त्याने स्वतःचंच चित्र काढलं: हताश झालेला एकटा माणूस, तळवे बाहेरच्या बाजूला करून हात खाली सोडलेले. डोळ्यांसमोर होता स्पॅनिश चित्रकार गोयाच्या एका चित्रातला माणूस. १८०८ मध्ये माद्रिदच्या लोकांनी नेपोलियनच्या फौजेविरुद्ध उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रेंच सैनिकांनी लोकांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या. गोयाने ते दृश्य रंगवलं. पांढऱ्या सदऱ्यातला एक साधा गावकरी बंदुकांसमोर हात पसरून उभा आहे. होल्टमने आपल्या हताश माणसाचं सोपं रेषाचित्र केलं आणि त्याभोवती वर्तुळ काढलं.

यात एक गंमत अशी की गोयाच्या चित्रातल्या माणसाचे हात खाली नाहीतच, वर उचललेले आहेत. होल्टमच्या आठवणीत ते खाली आले. त्याच्या मनाची अवस्था काय होती, ते या उलटलेल्या हातांवरून कळतं.

मग खरं मूळ कोणतं, सेमाफोर की गोया? दोन्ही होल्टमनेच सांगितलेली आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असायला काही हरकत नाही. एक अर्थ मोर्चासाठी होता, दुसरा त्याचा स्वतःचा.

काळं-पांढरं, मग हिरवं

होल्टमने पदयात्रेसाठी काठ्यांवर बसवलेले ५०० गोल पुठ्ठ्याचे फलक बनवले. निम्मे काळे-पांढरे, निम्मे हिरवे-पांढरे. चर्चमध्ये ईस्टरला जसे वस्त्रांचे रंग बदलतात, तसे इथेही बदलायचे होते. गुड फ्रायडे आणि शनिवारी काळे फलक, ईस्टरच्या रविवारी आणि सोमवारी हिरवे. हिवाळ्याकडून वसंताकडे, मरणाकडून जगण्याकडे. क्रूस नाकारला गेला, तरी ईस्टरचा भाव त्याने रंगांतून आत आणलाच.

४ एप्रिल १९५८, गुड फ्रायडे. ट्रॅफल्गर चौकात काही हजार लोक जमले. हवा बिघडली होती. दुसऱ्या दिवशी पाऊस आणि हिमवर्षाव झाला, आणि चालणाऱ्यांची संख्या पार रोडावली. हाउन्स्लो, मेडनहेड, रेडिंग अशी गावं घेत ही मंडळी सोमवारी आल्डरमास्टनला पोचली, तेव्हा त्यांच्यात पुन्हा हजारो लोक मिसळले होते. आयोजनाचा मोठा भार पॅट ॲरोस्मिथ या तरुण कार्यकर्तीने उचलला होता. ज्यांना वारीची सवय आहे त्यांना चार दिवसांत ८३ किलोमीटर फार वाटणार नाहीत, पण सरकारी बॉम्बकेंद्राकडे निषेध म्हणून इतके लोक चालत जाणं ब्रिटनला नवीन होतं.

पहिले बिल्ले एरिक ऑस्टिन यांनी बनवले, तेही भाजलेल्या पांढऱ्या मातीचे. सोबत एक चिठ्ठी असे. तिचा आशय असा की अणुयुद्ध झालंच, तर त्या आगीतून शिल्लक राहणाऱ्या मोजक्या मानवी वस्तूंमध्ये हे बिल्ले असतील, कारण ते आधीच भट्टीतून निघालेले आहेत. पत्रा किंवा कागद न वापरता माती का घेतली, याचं उत्तर त्या चिठ्ठीत होतं. ऑस्टिन यांनीच चिन्हाला आणखी एक अर्थ जोडला. हताशपणे खाली सोडलेले हात जुन्या काळापासून माणसाच्या मृत्यूची खूण मानले गेले आहेत आणि वर्तुळ हे न जन्मलेल्या बाळाचं, असं त्यांना आढळलं. किरणोत्साराचा धोका पोटातल्या बाळापर्यंत पोचतो, ही भीती तेव्हा आयांच्या मनात होतीच, म्हणून हा अर्थही लोकांनी लगेच उचलला.

चिन्ह हातात घेऊन एकटा चाललेला माणूस

चिन्ह ब्रिटनबाहेर गेलं, त्यातली मला सर्वांत हलवून टाकणारी हकीकत ग्रीसची आहे. ग्रिगोरिस लाम्ब्राकिस हे डॉक्टर, तरुणपणी नावाजलेले लांबउडीपटू आणि ग्रीसच्या संसदेचे सदस्य. ते इंग्लंडला आल्डरमास्टनच्या निदर्शनांत सामील होऊन आले होते. २१ एप्रिल १९६३ रोजी त्यांच्या साथीदारांनी मॅरेथॉन ते अथेन्स अशी शांतता पदयात्रा ठरवली. सरकारने तिच्यावर बंदी घातली आणि जमलेल्या शेकडो लोकांना पोलिसांनी पकडलं. लाम्ब्राकिस खासदार असल्याने त्यांना अटक करता येत नव्हती. मग ते एकटेच चालले. हातात तो फलक होता जो त्यांनी आल्डरमास्टनला धरला होता: वर ‘ग्रीस’ असा शब्द आणि हे चिन्ह. महिन्याभरात थेसालोनिकी शहरात एका सभेनंतर उजव्या गुंडांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि २७ मे १९६३ रोजी ते गेले. अथेन्समध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. तोवर ज्यांना हे चिन्ह विलायती वाटत होतं, त्यांना ते आता आपलं वाटू लागलं.

भारताशी असलेला धागाही या वर्षांत पुन्हा घट्ट झाला. सप्टेंबर १९६१ मध्ये एकोणनव्वद वर्षांच्या बर्ट्रांड रसेल यांना अण्वस्त्रविरोधी सत्याग्रहासाठी लोकांना चिथावल्याबद्दल तुरुंगात टाकलं. ही बातमी भारतात विनोबा भाव्यांच्या चळवळीतल्या दोन तरुणांनी वाचली, सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. या वयाचा माणूस तुरुंगात जातो आणि आपण इथे कॉफी पीत बसलो आहोत, असं त्यांना वाटलं. १९६२ मध्ये ते दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन या अण्वस्त्रधारी देशांच्या चारही राजधान्यांना. विनोबांनी त्यांना सांगितलं होतं की जवळ पैसा ठेवू नका. पैसा असला की माणूस खानावळीत जाऊन झोपतो, नसला की कुणाचं तरी दार ठोठवावं लागतं आणि मग बोलणं होतं. कोलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांची ही शिकवण घेऊन दोघं पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ओलांडत मॉस्कोला पोचले, आणि पुढे ब्रिटनमध्ये रसेल यांना भेटले. गांधींच्या समाधीपासून निघालेली ही यात्रा संपली केनेडींच्या समाधीपाशी.

अमेरिकेत काय झालं

चिन्ह अमेरिकेत पोचण्याचे मार्ग एकाहून अधिक होते. बायर्ड रस्टिन हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते पहिल्या आल्डरमास्टन पदयात्रेच्या वेळी ट्रॅफल्गर चौकात बोलले होते. १९४८ मध्ये ते भारतात येऊन गांधीजींच्या चळवळीतल्या लोकांना भेटून गेले होते. १९६३च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चाची आखणीही त्यांनीच केली.

दुसरा मार्ग शिकागो विद्यापीठातला. फिलिप आल्टबाख हा विद्यार्थी १९६० मध्ये ‘स्टुडंट पीस युनियन’तर्फे ब्रिटनला गेला आणि येताना या चिन्हाचे बिल्ले भरून घेऊन आला. आपल्या संघटनेने हेच चिन्ह घ्यावं म्हणून त्याने सोबत्यांना पटवलं, आणि पुढच्या काही वर्षांत संघटनेने हजारो बिल्ले छापून अमेरिकेतल्या कॉलेजांत विकले. हाच आल्टबाख पुढे उच्च शिक्षणाचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला, आणि त्याचं सुरुवातीचं संशोधन होतं मुंबईतल्या विद्यार्थी चळवळीवर!

मग व्हिएतनाम युद्ध पेटलं आणि इथे चिन्हाचा अर्थ बदलला. व्हिएतनाममध्ये अणुबॉम्ब वापरला जात नव्हता. तरुणांचा विरोध होता सक्तीच्या सैन्यभरतीला, नापाम बॉम्बला, खेडी जाळण्याला. त्यांनी हातात घेतलं ते तयार असलेलं चिन्ह, आणि ‘अण्वस्त्रं नकोत’ याच्या जागी ‘युद्ध नको’ हा अर्थ आला. सैनिकांनीही आपल्या शिरस्त्राणांवर ते रंगवलं. तिथून ते गाण्यांच्या महोत्सवांत, रंगवलेल्या व्हॅनवर, कपड्यांवर गेलं, आणि ‘युद्ध नको’चंही ‘प्रेमाने राहा’ झालं. गोव्यात जे आलं ते हे तिसरं रूप. हणजूण-कळंगुटला आलेल्या विदेशी तरुणांच्या गळ्यातल्या माळांमधून आपल्यापैकी अनेकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. आपल्याला ते फॅशन वाटतं याचं कारण ते आपल्याकडे पोचलं तेव्हा त्याच्या मागचा बॉम्ब गळून पडला होता.

अर्थ इतका पसरू शकला, कारण चिन्हाला मालक नाही. सीएनडीने ते जाणूनबुजून कधीच हक्कसंरक्षित केलं नाही. वापरायला परवानगी नको, पैसे नकोत. १९७० मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी ते आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा प्रयत्न केला, त्यातली एक बुटांची होती. तिथल्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. सगळ्यांचं झालेलं चिन्ह एकाच दुकानाची खूण होऊ शकत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. या मोकळेपणामुळेच १९६८ मध्ये सोविएत रणगाडे शिरलेल्या प्रागच्या भिंतींवर ते उमटलं, आणि याच मोकळेपणामुळे ज्यांना अणुबॉम्बशी काही देणंघेणं नाही त्यांच्या उशीच्या अभ्र्यावरही आलं. एक हवं आणि दुसरं नको, असं म्हणता येत नाही.

सैतानाची खूण वगैरे

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतं की हे चिन्ह म्हणजे ‘नीरोचा क्रूस’. रोमन सम्राट नीरोने सेंट पीटरला उलटं क्रुसावर चढवलं, त्याची ही मोडकी, उलटी खूण, म्हणजे ख्रिस्तविरोधी. ही अफवा अमेरिकेत व्हिएतनामच्या काळात युद्धाच्या समर्थक उजव्या गटांनी पसरवली. चळवळीतले लोक धर्मद्रोही आहेत असं दाखवायला ती सोयीची होती. होल्टमच्या रेखाटनांचा आणि नीरोचा काडीचाही संबंध नाही. क्रूस त्याने विचारात घेतला होता, तो आदराने, आणि सोडला तो धर्मगुरूंच्या सांगण्यावरून.

दुसरा आक्षेप जरा जास्त गंभीर आहे. उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत तीन फाट्यांचं एक अक्षर आहे. ते उलटं धरलं की या चिन्हातल्या रेषांसारखं दिसतं. नाझी काळात जर्मनीत सुलट अक्षर जन्माची आणि उलटं अक्षर मृत्यूची खूण म्हणून थडग्यांवर वापरलं जाई. त्यावरून ‘हे तर मरणचिन्ह’ असं म्हटलं गेलं. आकृती सारखी आहे हे मान्य. पण आकृती सारखी म्हणून अर्थ सारखा होत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आपल्या उंबऱ्यावर काढलेलं स्वस्तिक आणि हिटलरच्या झेंड्यावरची खूण यांत नजरेला थोडाच फरक दिसतो, पण ते कुणी, कशासाठी काढलं यावर सगळं ठरतं.

होल्टमला ते उलटं हवं होतं

पुढच्या वर्षांत खुद्द होल्टमला आपल्या चिन्हातली निराशा खटकू लागली. शांतता ही साजरी करायची गोष्ट आहे, मग हात खाली का, असं त्याला वाटलं. चिन्ह उलटं केलं की तिरक्या रेषा वर जातात: हात उंचावलेला माणूस, किंवा फांद्या पसरलेलं झाड. सेमाफोरचा हिशेबही जमतो. दोन्ही हात तिरके वर धरले की ‘यू’ हे अक्षर होतं आणि उभी रेषा उलटी केली तरी ‘डी’च राहते. यू म्हणजे युनिलॅटरल, एकतर्फी. दुसऱ्याची वाट न पाहता आपण आधी शस्त्रं खाली ठेवायची, ही सीएनडीमधल्या अनेकांची मागणी होतीच. शिवाय गोयाच्या चित्रातल्या गावकऱ्याचे हातही असेच वर आहेत. होल्टमची ही दुरुस्ती त्या चित्राच्या जास्त जवळ जाते.

१९८५ मध्ये होल्टम वारला. आपल्या थडग्याच्या दगडावर चिन्ह उलटं, म्हणजे हात वर असलेलं कोरावं, अशी त्याची इच्छा होती. केंटमधल्या हाइथ गावी त्याच्या दगडावर चिन्ह कोरलेलं आहे, पण नेहमीचंच, हात खाली असलेलं. तोवर ते इतकं जगाचं झालं होतं की त्याच्या कर्त्यालाही बदलता आलं नाही.

आणि आता

मूळ मागणीला चिन्ह जोडून ठेवणारी माणसं मधल्या काळातही होती. १९८१ मध्ये कार्डिफहून काही बायका चालत ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळावर गेल्या. तिथे अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं येणार होती. त्यांनी तिथे तंबू ठोकले आणि तळाच्या कुंपणाच्या तारांत लोकर विणली. १२ डिसेंबर १९८२ रोजी सुमारे ३०,००० बायकांनी हात धरून अख्खा तळ वेढला. १९९१पर्यंत ती क्षेपणास्त्रं तिथून गेली.

आपल्याकडे १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अण्वस्त्रांविरुद्ध बोलणं अवघड झालं होतं. जो बोलेल त्याच्या देशप्रेमावर शंका घेतली जाई. तेव्हा ठामपणे बोलणाऱ्यांत होते ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास, भारताचे माजी नौदलप्रमुख. १९७१च्या युद्धात त्यांनी युद्धनौकेचं नेतृत्व केलं होतं, त्यामुळे त्यांना भित्रा म्हणणं कुणाला शक्य नव्हतं. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ भायमळ्याला स्थायिक झाले आणि भारत-पाकिस्तान मैत्री आणि आण्विक निःशस्त्रीकरणासाठी शेवटपर्यंत काम करत राहिले. २००४ मध्ये त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च २०२४ मध्ये ते गेले. नौदलात त्यांचं खास प्रशिक्षण होतं संदेशवहनाचं. ज्या विद्येतून होल्टमने ‘एन’ आणि ‘डी’ घेतले, ती या माणसाच्या पेशाचाच भाग होती.

जुलै २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रांवर पूर्ण बंदी घालणारा करार संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यासाठी झटणाऱ्या ‘आयकॅन’ या जागतिक आघाडीला २०१७चं शांततेचं नोबेल मिळालं. तिच्या बोधचिन्हात होल्टमचंच चिन्ह आहे, फक्त मधल्या उभ्या रेषेच्या जागी मोडलेलं क्षेपणास्त्र. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या नऊ देशांपैकी एकानेही या करारावर सही केलेली नाही. भारतानेही नाही, ब्रिटननेही नाही. जगात अजून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. होल्टमची मूळ रेखाटनं इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये जपून ठेवली आहेत आणि आल्डरमास्टनचं केंद्र चालूच आहे. पहिल्या पदयात्रेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २००८च्या ईस्टर सोमवारी, हजारो लोक पुन्हा तिथे गेले आणि त्यांनी केंद्राला वेढा घातला, हातात तेच गोल फलक घेऊन.